शिवणीत

दर महिन्याचा तिसरा गुरुवार, दुपारी चार,
विद्यापीठाच्या ग्रंथालयात, वरच्या हॉलमध्ये.
प्रवेश विनामूल्य. काही जागा राखीव.
'राखीव'चे कागद मीच डकवते
पहिल्या रांगेतल्या सात खुर्च्यांना,
खळ पातळ ठेवून, म्हणजे नंतर निघतात.
त्या सात जणांना सहा वर्षांत मी पाहिलेलं नाही.

एरवी मी तळघरात. बांधणी विभाग.
माणसं कमी पडली की केळुसकरमॅडमचा फोन येतो,
लोखंडेबाई, या वर, जरा भरल्यासारखं दिसू दे.
मी हात धुते. झेरॉक्सचा निशिकांत
मशीन चालू ठेवूनच येतो.
पावणेसहापर्यंत आम्ही रसिक.
सहाला दापोडीची बस.

बाकीचे ठरलेले. औंधचे आपटीकर, स्वतःची उशी घेऊन,
ज्यांचा प्रश्न कधीच प्रश्न नसतो.
हॉस्टेलच्या दोन मुली, प्लगच्या भिंतीशी.

त्या गुरुवारी वत्सला दिघावकर आल्या,
चोपड्याहून, रात्रभर गाडीत बसून.
एकच पुस्तक, चाळीस वर्षांपूर्वीचं,
त्यांच्याकडेही उरलेलं नाही.
आमचीच प्रत काढून दिली.
पाठीवर माझं लाल कापड.

आवाज बारीक. तिसऱ्या कवितेत मध्येच थांबल्या.
चष्मा पुसला. पान उजेडाकडे नेलं.
इथला शब्द नाहीये, म्हणाल्या,
शिवणीत गेलाय.

कुणीतरी हसलं. माझी कानशिलं तापली.
समासच नव्हता हो त्या पुस्तकाला,
पानं सुटी होऊन आलेली,
बाकीच्या ओळी आत सरकवलेल्या, ही एकच कडेला,
आणि त्या वर्षी साडेतीनशे पुस्तकं, मी एकटी.
हे कुणाला सांगणार.

उरलेली ओळ त्यांनी वाचून दाखवली,
… येते म्हणाली चपला दारातच
पहिला शब्द आठवत नाही, म्हणाल्या. खरंच नाही.

मग पुणं जागं झालं.
'उद्या', आपटीकर म्हणाले, उद्याच असणार.
'आत्ता', एक मुलगी, चार्जर न काढता.
मागून कुणी मात्रा मोजायला लागलं बोटांवर.
निशिकांत हळूच म्हणाला, 'जाऊन',
आणि मला ते सगळ्यांत पटलं.
निघताना आपण येतेच म्हणतो.

पण मी उठले. राखीव रांग ओलांडून गेले.
द्या इकडे.
पुस्तक मधोमध धरून दोन्ही अंगठ्यांनी
पाठ दाबली, दाबू नये इतकी.
एक टाका तटकन तुटला.
दोऱ्यापलीकडे, खळीनं पिवळा पडून,
होता.
परवा.

माइक समोरच होता, म्हणून तो शब्द
माझ्या आवाजात हॉलभर गेला.
इतक्या वर्षांत माझा तिथला पहिला.

बाई बघत राहिल्या.
परवा येते म्हणाली, त्यांनी हळू जुळवून पाहिलं.
आपटीकरांनी विचारलंच, परवा म्हणजे,
होऊन गेलेला, की यायचाय अजून?
बाईंनी माझ्याकडे पाहिलं,
जणू आत शिवताना मी विचारून घेतलं असेल.
चपला कुणाच्या, तेही सांगितलं नाही.
पान उलटलं.

चहा झाला. माझी बस गेली.
हजेरीच्या वहीत व्यवसायाचा रकाना
मी नेहमी मोकळा सोडते, त्या दिवशीही सोडला.

आता पुस्तक माझ्या टेबलावर आहे,
टाके उसवलेले, पानं सुटी, वर वीट.
या खेपेला प्रत्येक पानाला पट्टी जोडायची,
समास वाढवायचा.
काम किचकट आहे. मध्येच मी ते पान काढून बघते.

केळुसकरमॅडम जिन्यावरून ओरडतात,
लोखंडेबाई, कधी देताय?
परवा, म्हणते मी,
आणि खळ शिजायला ठेवते.